दुधाच्या दाताची जाहा

तिसरीच्या मुलांना वर्षभरात काय काय यायला हवं, हे रुवैदा मिसला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. सातचा पाढा, घड्याळ, घन-द्रव-वायू, नकाशात समुद्र कुठला न् वाळवंट कुठलं, आणि एक उतारा वाचून त्याखालच्या प्रश्नांची उत्तरं. पण तिच्या मते मुलं तिसरीत आणखी एक गोष्ट शिकतात आणि ती कुठल्याही पुस्तकात छापलेली नसते. मोठी माणसं खोटं बोलतात, आणि तेसुद्धा त्यांना धड जमत नाही, हे आठव्या वर्षी कळायला लागतं. पहिलीतलं मूल बाईंच्या नुसतं तोंडाकडे बघतं. तिसरीतलं मूल बाई तोंडानं काय बोलतात आणि हातानं काय करतात, हे दोन्ही बघतं.

मोठ्या माणसांबद्दल खुद्द रुवैदाचं मत याहून वेगळं नव्हतं. करकच्या पठारावरच्या आमच्या गावात दर दुसऱ्या घरात एक निवृत्त सुभेदार आहे आणि प्रत्येकाला वाटतं की देश आपल्याच मिशीवर तोललेला आहे. त्यांच्या सुना रुवैदाला फोन करून गृहपाठ विचारायच्या, स्वतःच तो करायच्या आणि मग ‘आमच्या पोराला दहापैकी नऊच का’ म्हणून भांडायला यायच्या. वर्षातून एकदा पर्यवेक्षक यायचे, मुख्याध्यापिका हनादीबाईंच्या खोलीत बसून बकलावा खायचे आणि भिंतीवरचे तक्ते छान आहेत असा शेरा देऊन जायचे. वर्गात कोणाला वाचता येतं, हे विचारायची तसदी त्यांनी आजवर घेतली नव्हती.

घैथला वाचता येत नव्हतं. अबू नायफचा हा नातू पहिली आणि दुसरी नुसत्या कानांवर पास झाला होता. धडा दोनदा ऐकला की तो त्याला पाठ व्हायचा, मग पुस्तक धरून तो घडाघडा ‘वाचायचा’. तिसरीच्या सुरुवातीला रुवैदाच्या लक्षात आलं की गडी वाचतोय उंटाचा धडा, आणि पुस्तक उघडलंय ते ऑलिव्हच्या झाडाच्या पानावर. ती त्याला रागावली नाही. राग आला तो आधीच्या दोन बाईंचा, कारण असं पोर दोन वर्षं लक्षात न येणं म्हणजे वर्गाकडे पाठ फिरवून बसण्यासारखं आहे.

वेळ फार उरला नव्हता. आमच्याकडे मुलगे तिसरीपर्यंत मुलींच्याच शाळेत शिकतात. चौथीला त्यांना उचलून मुलांच्या शाळेत घालतात. तिथे मास्तर असतात, वर्गात खच्चून पोरं असतात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला मागच्या बाकावर बसवून विसरून जायची रीत आहे. रुवैदाचा सख्खा भाऊ त्या बाकावरून उठला तो थेट ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. आज पन्नाशीला आलाय, तरी औषधाच्या बाटलीवरचं बायकोकडून वाचून घेतो, आणि चार माणसांत चष्मा घरी राहिला म्हणून सांगतो. त्याचा तो चष्मा कोणी कधी पाहिलेला नाही.

म्हणून तिनं घैथला सख्रच्या शेजारी बसवलं. सख्र म्हणजे अबू मुतलकचा नातू, वर्गातला सगळ्यात पक्का वाचणारा आणि सगळ्यात उतावळा. घैथ चुकला की तो त्याचं बोट धरून शब्दाखाली दाबायचा आणि म्हणायचा, ‘हे बघ, हे. तोंडचं नको सांगूस.’ रुवैदानं जे चार महिने केलं असतं ते या पोरानं सहा आठवड्यांत केलं. थंडी सरता सरता घैथनं एकदा मधल्या सुट्टीत तिच्यासमोर बिस्किटाचा पुडा धरला आणि बोट फिरवत एकेक शब्द जुळवून सांगितलं की मिस, ही बिस्किटं खायची तारीख गेल्या वर्षीच संपलीय. शाळेचं कँटीन हनादीबाईंची बहीण चालवायची. रुवैदाला इतका आनंद झाला की तिनं तो पुडा घैथकडून विकत घेतला.

अजून तो अडखळत होता. सख्रचं बोट नसलं की घाबरून पाठ केलेलं म्हणायला लागायचा. पण उन्हाळ्यापर्यंत गाडी रुळाला लागेल, असं रुवैदाला वाटत होतं.

आणि मग सख्रचा दात पडला.

दात वरचा होता, दुधाचा होता आणि आठवडाभर नुसता लोंबत होता. सख्र तो जिभेनं हलवून मुलींना घाबरवायचा. एका बुधवारी पाण्याच्या नळामागे त्यानं घैथला सांगितलं, ओढ. घैथनं आपल्या स्वेटरचा एक धागा काढला, दाताला बांधला आणि ओढला. मग दोघांनी तो दात रीतसर सूर्याकडे भिरकावला, गाढवाचा दात घे आणि हरणाचा दे, असं ओरडून. सदऱ्यावर रक्ताचे चार थेंब पडले होते, ते सख्रनं पदकासारखे मिरवले. रुवैदानं हे सगळं व्हरांड्यातून पाहिलं होतं. सख्रनं तोंड धुतलं की नाही तेवढं तिनं विचारलं, आणि ती विसरून गेली.

घरी गेल्यावर सख्रच्या काकानं, म्हणजे मुतलकनं, सदरा पाहिला आणि विचारलं, कोणी केलं हे. सख्र अभिमानानं म्हणाला, घैथनं. बस. पुढचं ऐकायला मुतलक थांबलाच नाही. गेल्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीत घैथच्या बापानं त्याला पाडलं होतं, आणि तेव्हापासून तो निमित्तच शोधत होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की अबू नायफच्या नातवानं अबू मुतलकच्या नातवाचं रक्त सांडलं, दात पाडला. रात्रीपर्यंत दाताचे दोन झाले.

आता अबू नायफ शहाणा असता तर त्यानं पोराला घेऊन जाऊन, खाऊचा पुडा ठेवून, हसून विषय संपवला असता. पण शहाणपणात मान नसतो. अबू नायफनं नातवाला एक शब्द विचारला नाही. त्यानं निरोप पाठवला की आमच्या पोराचा गुन्हा आम्हाला मान्य आहे, आम्ही शुक्रवारी जाहा घेऊन येतो. मानाची माणसं पुढे घालून समोरच्याच्या दारात जायचं आणि माफी मागायची, ही आमची जुनी चाल. तिनं खुनाच्या वैरात गावंच्या गावं वाचवलेली आहेत. इथं ती एका दुधाच्या दातासाठी निघाली, कारण मोठ्या घरी मोठी जाहा नेली की नेणाराही मोठा ठरतो. एका म्हाताऱ्याला माफी मागायची हौस होती, दुसऱ्याला माफ करायची. दोघांचीही सोय झाली.

अबू मुतलकनं एक अट घातली. माफी देऊ, पण त्या पोराचं तोंड आमच्या पोराला दिसता कामा नये. वर्ष संपेपर्यंत घैथनं गावाच्या त्या टोकाच्या शाळेत जावं. खुन्याच्या घराला गाव सोडायला लावतात, तसंच हे. अबू नायफनं तीही अट मान्य केली. त्याच्या दृष्टीनं शाळा काय, सगळ्या सारख्याच.

गुरुवारी रुवैदा हनादीबाईंच्या खोलीत गेली आणि जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते सांगितलं. दात पडायलाच आला होता, सख्रनंच ओढायला लावला, आणि या घडीला घैथला हलवला तर तो चौथीत आंधळा जाईल. हनादीबाई ऐकत होत्या, म्हणजे ऐकतोय असं दाखवत नखांचा रंग बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या की ही पुरुषांची बाब आहे, दोन्ही घरं मोठी आहेत, आणि एक पोरगा कमी झाला तर तुझ्याच वह्या कमी होतील. दाखला त्यांनी आधीच सही करून ठेवला होता.

रुवैदानं त्या दिवशी ठरवलं की आपण तिथे जायचं आणि बोलायचं.

शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर अबू मुतलकच्या दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीलगत गाद्यांवर काळे-तपकिरी झगे चढवलेले पुरुष, बाहेर गाड्यांची रांग, मागच्या अंगणात मनसफची, म्हणजे मटण-भाताची पातेली. बायका आतल्या खोलीत होत्या आणि मधलं दार अर्धं उघडं होतं. रुवैदा दाराजवळची जागा धरून बसली. सख्रची आजी, उम्म मुतलक, भात ताटांत काढता काढता तिच्याजवळ आली, तेव्हा रुवैदानं तिला हळूच सगळं सांगितलं.

म्हातारीला जरासुद्धा नवल वाटलं नाही.

‘मला ठाऊक आहे गं पोरी. सात पोरं वाढवली मी, पडणारा दात मला कळत नाही होय? मंगळवारी मीच त्याला म्हटलं होतं, ये, काढून देते.’

‘मग सांगा ना त्यांना, हाजीबाई.’

‘मेंढ्या कापून झाल्यात,’ उम्म मुतलक म्हणाली. ‘आता तो दात पक्काच होता असं समज.’

आणि ती लोणी वाढायला निघून गेली. रुवैदाच्या अंगाचा तिळपापड झाला. पुरुष मूर्ख असतात हे तिला माहीत होतं. पण घरात एक माणूस शहाणं आहे आणि ते ताटं भरतंय, याचा तिला जास्त संताप आला.

बाहेर जाहाचे पुढारी नव्वाफ पाशा उभे राहिले. सैन्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ जिल्ह्यातल्या प्रत्येक लग्नात, मयतीत आणि भांडणात भाषण करायचे, आणि भाषण तेच असायचं, फक्त नावं बदलायची. त्यांच्यासमोर कॉफीचा छोटा पेला आला. तो त्यांनी ओठाला न लावता गालिच्यावर ठेवला. मागोमाग सगळ्या जाहानं आपापले पेले खाली ठेवले. मागणं मान्य झाल्याशिवाय कॉफी प्यायची नाही, हा नियम. मग पाशा सुरू झाले. पूर्वजांच्या तलवारी झाल्या, पाहुणचार झाला, दोन घराण्यांनी एकाच विहिरीचं पाणी प्यालेलं झालं. दाताचा उल्लेख त्यांनी ‘ती दुर्दैवी घटना’ असा केला. एक पुतण्या सगळं मोबाईलवर टिपत होता. मधोमध सख्र आणि घैथ नवे कपडे घालून उभे होते. घैथ रडून रडून लाल झाला होता आणि आपण नेमकं काय केलं ते त्याला अजूनही कळलेलं नव्हतं.

अबू मुतलकनं नातवाच्या खांद्यावर हात ठेवला. ज्याचं रक्त सांडलं त्याचाही शब्द ऐकूया, म्हणाला. सगळे कौतुकानं पुढे झुकले.

सख्र स्पष्ट आवाजात म्हणाला, ‘त्यानं मारलं नाही. माझा दात हलत होता. मीच म्हटलं ओढ, म्हणून त्यानं ओढला.’

दारामागे रुवैदा ताडकन उठली. झालं, तिला वाटलं. पोरानं एका वाक्यात सगळं झाकण उडवलं. आता यांना हसावंच लागेल.

कोणी हसलं नाही. मग पाशांनी छातीवर हात ठेवला, त्यांचे डोळे भरून आले.

‘ऐकलंत? स्वतःचं रक्त सांडलं, तरी पोरगा मित्राचा गुन्हा पोटात घालतोय. याला म्हणतात खानदान.’

‘वाह, वाह’ करून दिवाणखाना दुमदुमला. अबू मुतलकनं नातवाच्या कपाळाचा मुका घेतला. सख्र पुन्हा म्हणाला, ‘नाही पण, खरंच हलत होता,’ तेव्हा त्याला आणखी शाबासकी मिळाली. रुवैदा उठून उभी राहिली होती. आता आपण दारात जाऊन तेच सांगितलं तर काय होईल, हे तिला स्वच्छ दिसलं. बाईमाणूसही केवढं मोठं मन दाखवतंय, असं म्हणतील. ती परत खाली बसली, आणि बसल्याबद्दल तिला स्वतःचीही किळस आली.

अबू मुतलकनं अल्लाखातर आणि पाहुण्यांखातर माफी जाहीर केली, अट तेवढी कायम ठेवून. जाहानं पेले उचलले. मग आजोबांनी नातवासाठीही एक पेला भरायला लावला. आज तू मर्दांत बसलास, पी.

सख्रनं पेला हातात घेतला. समोरच्या माणसांकडे त्यानं एकवार नीट पाहिलं, फळ्यावरचं गणित बघतो तसं. आणि पेला गालिच्यावर ठेवला.

‘कडू लागते काय रे?’ कोणीतरी विचारलं.

‘नाही,’ सख्र म्हणाला. ‘माझं मागणं आहे. घैथ माझ्याच बाकावर बसणार. तोवर मी पिणार नाही.’

खरं बोललेलं ज्यांच्या कानावरून घसरून गेलं होतं, त्यांना खाली ठेवलेला पेला बरोबर दिसला. मोबाईल चालू होता. पाशांना आणखी एक भाषण मिळाल्यानं त्यांचा चेहरा खुलला.

‘अबू मुतलक, पेला खाली आहे,’ ते म्हणाले.

अबू मुतलकला इकडे आड तिकडे विहीर झालं. स्वतःच्या दिवाणखान्यात, स्वतःच्या नातवाचा पेला खाली ठेवून निकाल न देणारा म्हातारा म्हणून तो जन्मभर ओळखला गेला असता. त्यानं मुतलककडे पाहिलं, मुतलकनं छताकडे. ‘पी बेटा,’ आजोबा शेवटी म्हणाले, ‘तुझं मागणं मान्य.’ सख्रनं कॉफी एका घोटात संपवली, तोंड वाकडं केलं नाही, आणि रिकामा पेला मोठ्या माणसांसारखा ‘पुरे’ म्हणून हलवून परत दिला.

रुवैदाला दारामागे रडू आलं. घैथ वाचला होता. तो कशानं वाचला, याचा विचार तिनं त्या दिवशी केला नाही. सख्रनं निघताना खोलीभर नजर फिरवली ती थेट त्याच्या आजोबांची होती, हे तिला दिसलं, पण आनंदात माणूस अशा गोष्टींकडे कानाडोळा करतं.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी शाळा भरली तेव्हा सख्र फाटकातून पुढे आला आणि घैथ त्याच्या मागून, दोन दप्तरं घेऊन. चित्रफीत गावभर फिरली होती. हनादीबाईंनी सख्रला खोलीत बोलावून चॉकलेट दिलं आणि असे गुण आपल्या शाळेतच घडतात असं दोन शिक्षिकांना ऐकवलं. घैथचा दाखला त्यांनी फाडून टाकला होता आणि फाडल्याचं श्रेयही घेतलं होतं.

वाचनाच्या तासाला रुवैदानं गव्हाच्या पेरणीवरचा नवा उतारा दिला. कोणी आधी ऐकलेला नव्हता, तिनं मुद्दाम तसा निवडला होता. ती बाकांमधून फिरत फिरत त्या दोघांच्या मागे येऊन थांबली. सख्रनं पुस्तकावर कोपर टेकला होता.

‘आधी माझ्या पेन्सिलीला टोक करून दे,’ तो म्हणाला.

घैथनं करून दिलं.

‘आता बाटलीत पाणी भरून आण.’

‘मिस ओरडतील. आधी वाचूया ना.’

‘मी तुझ्यासाठी पेला खाली ठेवला होता,’ सख्र म्हणाला. तो रागावला नव्हता. हनुवटी वर करून, हात छातीवर ठेवून, समजूत घातल्यासारखं तो बोलत होता, हुबेहूब पाशा. ‘नाहीतर आज तू कुठे असतास?’

रुवैदा त्याला रागे भरणार होती, पण तिचं लक्ष घैथच्या तोंडाकडे गेलं. तो सख्रकडे बघत होता. भीती नव्हती, रडू नव्हतं. पर्यवेक्षक बकलावा खाऊन तक्त्यांची तारीफ करतात तेव्हा ती स्वतः त्यांच्याकडे जशी बघते, तसा तो बघत होता. हे बघणं तिनं या पोराच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. ते आठव्या वर्षी येतं, तिनंच म्हटलं होतं. मात्र ते सगळ्यात लाडक्या मित्रावर पहिल्यांदा वापरावं लागेल, असं तिनं कधी धरलं नव्हतं.

घैथनं कोपराखालून पुस्तक ओढून घेतलं आणि स्वतःचं बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं. तो वाचायला लागला. अडखळला, मागे गेला, पुन्हा आला. पुढच्या बाकावरच्या मुली फिदीफिदी हसल्या, तरी तो थांबला नाही. एका शब्दावर अडला तेव्हा सवयीनं सख्रचं बोट पुढे आलं, आणि घैथनं त्या शब्दावर तळवा पालथा घातला.

‘नको,’ तो म्हणाला. ‘माझं मी.’

तळव्याखाली डोकावून डोकावून त्यानं तो शब्द काढला. उतारा संपवला. सख्र पेन्सिलीला नुकतंच केलेलं टोक बाकावर दाबून मोडत होता.

रुवैदानं याच दिवसासाठी वर्षभर जीव टाकला होता. तिला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. पण मोडलेल्या त्या टोकाकडे तिला बघवेना. घंटा झाली, पोरं पटांगणाकडे पळाली, आणि घैथ तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

‘मिस, मला दुसरीकडे बसवा.’

त्या बाकासाठी काय काय झालं होतं, हे तिच्या अगदी ओठावर आलं. मग सख्रचंच वाक्य आपण बोलणार होतो, हे तिच्या लक्षात आलं.

‘कुठे बसशील?’ तिनं विचारलं.

‘कुठेही,’ घैथ म्हणाला. ‘मला आता वाचता येतं.’

तिनं त्याला खिडकीजवळची जागा दिली. तो आपलं एकट्याचं दप्तर उचलून तिकडे गेला.